अस्वलकाकांचं नाव काय? मुलांचे कार्यक्रम भरवणाऱ्या इव्हेंट व्यावसायिकांना खुलं पत्र

प्रति,
मुलांचे वाढदिवस, बालमेळावे, स्नेहसंमेलनं आणि उन्हाळी शिबिरं यांचं आयोजन करणारे सर्व इव्हेंट व्यावसायिक, यांस



गेली चोवीस वर्षं मी बोलक्या बाहुल्यांचे कार्यक्रम करतो. बहुतेक पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडला, अधूनमधून नाशिक-कोल्हापूरकडे. तुमच्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये माझा नंबर 'पपेट काका' या नावाने असेल. तुम्ही बोलावता म्हणून माझं घर चालतं, आणि हे पत्र लिहिताना त्याची जाणीव मला आहे. तरीही हे लिहायचं मी बरेच महिने टाळलं आणि आता टाळवत नाही.

या चोवीस वर्षांत मी शेकडो सोसायट्यांत, शाळांत, हॉटेलांच्या हॉलमध्ये गेलो. मुलांच्या इतकं जवळ बसलो की त्यांच्या दुधाच्या दातांतल्या फटी मोजता याव्यात. एवढ्या वर्षांत तुमच्यापैकी एकानेही मला माझं पूर्ण नाव, राहण्याचा पत्ता किंवा ओळखपत्र मागितलेलं नाही. 'रेट काय?', 'किती वेळाचा शो?', 'माइक तुमचा की आमचा?' एवढे प्रश्न विचारून झाले की बुकिंग पक्कं होतं. माझ्यावर विश्वास आहे म्हणून विचारत नसाल असं मी बरीच वर्षं समजत होतो. गेल्या डिसेंबरात एका संध्याकाळी कळलं की तुम्ही कोणालाच विचारत नाही.

एका मोठ्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये पाच वर्षांच्या मुलाचा वाढदिवस होता. थीम जंगलाची. हिरव्या फुग्यांची कमान, एका कोपऱ्यात टॅटू काढणारी मुलगी, दुसऱ्या कोपऱ्यात म्हातारीचे केस करणारं यंत्र, मध्ये अँकर, डीजे आणि अस्वलाच्या वेशातला मॅस्कॉट. चाळीसेक मुलं होती. माझा खेळ झाला आणि मी स्टेजच्या बाजूला पेटी आवरायला बसलो. समोर केक कापायची घाई चालली होती. तेवढ्यात एक बाई तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन अस्वलापाशी आल्या. त्यांच्या एका हातात प्लेट होती आणि फोन कानाशी होता. म्हणाल्या, "अस्वलकाका, याला जरा शू करून आणता का? बाळा, जा काकांबरोबर." अस्वलाने मान हलवली. मुलाने त्याच्या केसाळ पंजात स्वतःची दोन बोटं घातली आणि दोघं क्लबहाऊसच्या मागच्या पॅसेजकडे निघाले.

मी उठलो आणि मध्ये जाऊन उभा राहिलो. "ताई, तुम्हीच घेऊन जा," एवढंच म्हणालो. त्यांना ते आवडलं नाही. मुलाला कडेवर घेत त्या म्हणाल्या, "अहो, ते इव्हेंटवाल्यांचेच आहेत ना!"

त्यांचं हे वाक्य तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र आहे. त्या बाईंना अस्वलाच्या आत कोण आहे ते माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असेल, एवढंच त्यांनी गृहीत धरलं होतं.

मागे पायऱ्यांवर त्या अस्वलाने डोकं काढलं तेव्हा आतून एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा निघाला. केस घामाने कपाळाला चिकटलेले, गालावर स्पंजचे वळ. मी त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, "मी नाहीच म्हणणार होतो, पण आतून आवाज बाहेर जात नाही." सकाळी तो डेकोरेशनच्या टेम्पोबरोबर खुर्च्या उतरवायला आला होता. मॅस्कॉटचा नेहमीचा माणूस आला नाही, म्हणून कोणीतरी 'दादांनी' पाचशे रुपये जास्तीचे कबूल करून त्याला वेश चढवला. दादांचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. मी तुमच्या सुपरवायझरला विचारलं, हा मुलगा कोण? तो म्हणाला, डेकोरेशनवाल्यांचा असेल. डेकोरेशनवाले म्हणाले, आमचा नाही, मॅस्कॉटच्या व्हेंडरचा असेल. व्हेंडर त्या वेळी दुसऱ्या पार्टीवर होता आणि फोन उचलत नव्हता. चाळीस मुलं ज्याला तासभर बिलगत होती, त्याचं नाव त्या संपूर्ण हॉलमध्ये फक्त मला माहीत झालं, तेही मी पाणी दिलं म्हणून.

पोरगा सरळ होता. त्या दिवशी काहीही वाईट घडलं नाही. त्याच्याविषयी माझी कसलीही तक्रार नाही, उलट त्याच्यासाठीही मी हे लिहितो आहे. त्या पॅसेजमधून परत येताना मूल कुठल्याही कारणाने रडत आलं असतं, तर त्या पोराकडे स्वतःच्या बाजूने सांगायला काय होतं? तो कोणाचा माणूस आहे हे सांगायलासुद्धा कोणी पुढे आलं नसतं.

माझी पहिली तक्रार 'काका' या शब्दाविषयी आहे. आपल्याकडे हा शब्द फार मोठा आहे. घरात आई-बाबांनंतर मूल ज्याच्या अंगावर बिनदिक्कत झेपावतं तो काका. मुलाला आपण वर्षभर शिकवतो, अनोळखी माणसाकडून खाऊ घ्यायचा नाही, त्याच्याबरोबर कुठे जायचं नाही. आणि रविवारी संध्याकाळी तुमचा अँकर माइकवरून ओरडतो, "चला, आता जादूगार काकांना घट्ट मिठी मारायची!" वर्षभराची शिकवण एका वाक्यात पुसली जाते. अत्याचाराच्या बहुतेक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीतलाच असतो, हे पोलिसांच्या नोंदींत वर्षानुवर्षं दिसतं आहे. ते पुढे करून तुमच्यापैकी एकाने मला सांगितलं होतं, "मग बाहेरच्या कलाकाराची एवढी काळजी कशाला?" माझं म्हणणं असं की तासाभरात आम्हाला ओळखीतलं करून देण्याचेच तर तुम्ही पैसे घेता. मुलाची आमच्याविषयीची भीती मोडायला तुम्हीच मदत करता. मग ज्याला तुम्ही काका म्हणून पुढे करता, त्याची हमी तुम्हीच घ्यायला हवी. ती आई घेऊ शकत नाही, कारण तिच्याकडे तुमच्या कंपनीच्या नावापलीकडे काहीच नसतं.

आमच्या धंद्यात ही हमी पूर्वी नावात असायची. जादूगार रघुवीर यायचे म्हणजे पोस्टरवर त्यांचं नाव असायचं आणि लोक त्या नावाचं तिकीट काढायचे. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये आणि त्यांचा बाहुला अर्धवटराव यांची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. माझ्यासारख्या लहान कलाकारालासुद्धा शाळेचे मुख्याध्यापक नावाने पत्र पाठवायचे, आणि त्या पत्राची एक प्रत शाळेच्या फायलीत राहायची. आता तुमच्या कोटेशनमध्ये एक ओळ असते: 'मॅजिशियन, 1 तास', 'पपेट शो, 45 मिनिटं', 'मॅस्कॉट, 2 नग'. माणसाला नग म्हटलं की त्याचं नाव विचारायचं कारणच उरत नाही. एक नग आला नाही तर दुसरा पाठवायचा. मीही अशा बदलीवर गेलो आहे. यजमानांनी ज्याचा व्हिडिओ बघून होकार दिला तो कलाकार वेगळा आणि दारात उभा राहिलो मी. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

सोसायटीच्या गेटवर काय होतं तेही तुम्ही रोज बघता. पिझ्झा घेऊन आलेल्या मुलाचा फोटो निघतो, फ्लॅट नंबर विचारला जातो, वर फोन जातो. तुमचा टेम्पो आला की वॉचमन वहीत लिहितो: 'इव्हेंटवाले, 14 माणसं'. पिझ्झावाला दारातून परत जातो, आणि ही चौदा माणसं तीन-चार तास मुलांमध्ये वावरतात. भाडेकरू ठेवला तर त्याची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची, हे आता घरमालकांच्या अंगवळणी पडलं आहे. रिकाम्या फ्लॅटसाठी आपण जेवढी काळजी घेतो, तेवढी तरी मुलांसाठी घ्या, असं मागितलं तर ते जास्त होतं का?

कायद्याचं बोलू. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 रोजी लागू झाला. तो बालदिन, म्हणून तारीख माझ्या लक्षात आहे. आमच्या धंद्यात त्या दिवशी एकापाठोपाठ एक शाळा असतात. या कायद्याचे नवे नियम 2020 मध्ये आले. त्यातल्या तिसऱ्या नियमात लिहिलं आहे की मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांनी, म्हणजे शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी आणि मुलांसाठीच्या इतर सुविधांनी, मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घ्यायची. कायम असो की कंत्राटी. तुम्ही म्हणता, आम्ही शाळा नाही, आणि कलाकार आमचे कर्मचारी नाहीत. वकिलाच्या दृष्टीने ही फट असेलही. पण आठवड्याला चार वाढदिवस, एप्रिल-मे मध्ये शिबिरं आणि नोव्हेंबर ते जानेवारी शाळांची गॅदरिंग करणाऱ्या कंपनीचा मुलांशी संपर्क नियमित नाही, असं तुम्ही त्या आईच्या तोंडावर म्हणू शकाल का?

कंत्राट या शब्दाआड लपण्याची किंमत आपल्या राज्याने 2024 मध्ये बदलापुरात पाहिली. शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप ज्या सफाई कामगारावर झाला, तो कंत्राटदारामार्फत आलेला होता आणि कामावर येऊन त्याला पंधरा दिवसही झाले नव्हते. 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. दुसऱ्याच दिवशी सरकारने शाळांसाठी निर्णय काढला. सीसीटीव्ही, तक्रारपेटी, आणि कंत्राटी माणसांचीसुद्धा चारित्र्य पडताळणी. शाळांना हे लागू झालं. त्याच शाळेच्या गॅदरिंगला तुमच्यामार्फत येणारे लाइटवाले, मेकअपवाले, नृत्य बसवणारे आणि मी, आम्ही मात्र अजूनही 'बाहेरची पार्टी' म्हणून फाटकातून आत जातो. गॅदरिंगच्या दिवशी मुलं वर्गावर्गांत कपडे बदलत असतात. तिथे कोण कुठे फिरतो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून तुम्हाला एवढ्या काकुळतीने सांगतो आहे.

मी स्वतः चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र काढलं. ऑनलाइन अर्ज, आधार, राहण्याचा पुरावा, फोटो, मग पोलीस ठाण्यात एक फेरी. हवालदारांनी विचारलं, "नोकरीसाठी का?" मी म्हटलं, "मुलांना बाहुल्या दाखवायच्यात." ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "चांगलं केलंत." तो कागद मी पेटीच्या झाकणातल्या खिशात ठेवतो. पहिल्यांदा तुमच्यापैकी एकाला दाखवला तेव्हा ते म्हणाले, "अहो काका, तुम्हाला कशाला लागतंय हे!" प्रेमानेच म्हणाले. पण मला लागत नसेल, तर कोणाला लागेल हे तुम्ही कशावरून ठरवता? चेहऱ्यावरून? वयावरून? जातीवरून, की आडनावावरून?

हा शेवटचा प्रश्न मला फार छळतो. तपासणीची मागणी करताना मी स्वतःलाच तो आधी विचारला, आणि तुम्हीही त्यावर थांबून विचार करावा अशी विनंती आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. ती माणसं पोटासाठी गावोगाव भिक्षा मागत हिंडणारी होती. माझ्या धंद्याची मुळं अशाच माणसांत आहेत. बहुरूपी, डोंबारी, कळसूत्री बाहुल्या नाचवणारे, या सगळ्यांनी मुलांना हसवतच पोट भरलं. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 च्या ऑगस्टअखेर गेला, पण पोलीस ठाण्याच्या पायरीवर त्यांच्याकडे बघायची नजर पुरती गेलेली नाही. त्यांच्या पोरांकडे राहण्याचा पुरावा नसतो. उद्या तुम्ही 'प्रमाणपत्र आणा नाहीतर काम नाही' एवढंच म्हणालात, तर पहिल्यांदा हेच लोक बाहेर फेकले जातील आणि पैसेवाले आत राहतील.

म्हणून पडताळणी कशाची, हे नेमकं ठरवा. मुलांवरच्या आणि बायकांवरच्या गुन्ह्यांची नोंद आहे का, एवढंच बघा. कोणावर कधी रस्त्यावर गाडी लावल्याचा खटला होता, कोणाचं भांडण पोलिसांत गेलं होतं, हे तुमचं काम नाही. अर्जाचा खर्च कंपनीने करावा. ज्याला अर्ज भरता येत नाही त्याच्यासाठी तुमच्या ऑफिसातला माणूस बसवा, आणि कागद येईपर्यंत त्याला मुलांपासून दूरचं काम द्या, पण काम द्या. चाळीस हजारांच्या पॅकेजमध्ये नुसत्या फुग्यांच्या कमानीला सहा-सात हजार लागतात, हे मला माहीत आहे; त्यापुढे हा खर्च जड नाही. नाव असलेला, तपासलेला आणि ज्याच्या मागे कंपनी उभी आहे असा कलाकार अफवेच्या वेळी एकटा पडत नाही. राईनपाड्याच्या त्या पाच जणांच्या मागे उभं राहायला तिथे कोणीही नव्हतं.

इतर देशांनी आमच्या धंद्याकडे गंभीरपणे पाहिलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या कायद्यात मुलांबरोबरच्या कामांची यादी आहे. त्यात शाळा आणि दवाखान्यांबरोबर मुलांसाठीचं मनोरंजनही लिहिलेलं आहे. तिथल्या कलाकाराला तपासणीनंतर एक क्रमांक मिळतो, तो पाच वर्षं चालतो, आणि काम देणाऱ्याने तो ऑनलाइन पडताळून पाहायचा असतो. पडताळणारा त्या माणसाचं सगळं आयुष्य उघडून बघत नाही. याला मुलांबरोबर काम करायची परवानगी आहे की नाही, एवढंच त्याला कळतं. आपल्याकडे 20 सप्टेंबर 2018 रोजी लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी सुरू झाली, तेव्हाच तीत सुमारे 4.4 लाख नोंदी होत्या. ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना बघता येते, आणि मला ते योग्यच वाटतं. अशी यादी प्रत्येकाच्या मोबाइलवर आली तर आणखी राईनपाडे होतील. पण त्या यादीवरून पोलिसांनी 'हो' किंवा 'नाही' एवढं उत्तर द्यावं, अशी सोय तुमच्या संघटनांनी मिळून गृह विभागाकडे मागता येईल. जीएसटी आणि लाउडस्पीकरच्या वेळेसाठी तुम्ही एकत्र येऊन निवेदनं दिली आहेत. एक निवेदन यासाठीही द्या.

आणि कागद मिळाला की झालं, असंही समजू नका. ब्रिटनमध्ये जिमी सॅव्हिल हा करमणुकीच्या दुनियेतला मोठा माणूस होता. मुलांच्या इच्छा पूर्ण करणारा त्याचा टीव्ही कार्यक्रम 1975 पासून जवळजवळ वीस वर्षं चालला. 2011 मध्ये तो वारला आणि पुढच्या वर्षी शेकडो जणांनी पुढे येऊन सांगितलं की त्याने लहानपणी त्यांच्यावर अत्याचार केले. जिवंत असेपर्यंत तो एकदाही दोषी ठरला नव्हता. पोलिसांचा दाखला मागितला असता तर तो कोरा निघाला असता. दवाखान्यांत आणि स्टुडिओत त्याला कोणी अडवलं नाही, कारण तो सगळ्यांचा लाडका होता.

तेव्हा माझं खरं मागणं दाखल्याच्या पुढचं आहे. कार्यक्रमाच्या वेळी कोणी काय करायचं आणि काय नाही, हे लिहून ठेवा. मी माझ्यापुरते काही नियम पाळत आलो आहे, ते सांगतो. खेळात मूल हवं असेल तर मी हाताला धरून ओढत नाही, 'कोणाला यायचंय?' असं विचारतो आणि येणाऱ्याचे आई-बाबा समोर दिसतात ना ते बघतो. बाहुला मुलाच्या हातात देतो, मुलाला मांडीवर घेत नाही. फोटोसाठी मूल आपणहून जवळ आलं तर ठीक, लाजत असेल तर आई कितीही म्हणाली तरी मी 'राहू दे' म्हणतो. अंधार करायचा खेळ मी सोडून दिला. टॉयलेटच्या दिशेने मी मुलांबरोबर एक पाऊल टाकत नाही. बाहुल्यांच्या पेटीशी मुलं एकटी येतात, तेव्हा पेटी उचलून मी सगळ्यांच्या नजरेत येईल अशा जागी ठेवतो. यातलं काहीही अवघड नाही आणि यामुळे माझ्या खेळाची मजा कधी कमी झाली नाही. हे सगळ्या कलाकारांना, अँकरला आणि मॅस्कॉटला बुकिंगच्या वेळी सांगायला पाच मिनिटं लागतील. आणि यजमानांनाही सांगा की मुलांना टॉयलेटला फक्त घरचं माणूस नेईल. त्या डिसेंबरच्या संध्याकाळी एवढं एक वाक्य अँकरने माइकवरून सांगितलं असतं, तरी पुरलं असतं.

फोटोंचंही एक आहे. तुमचे फोटोग्राफर आणि आम्ही कलाकार मुलांचे व्हिडिओ आपापल्या पानांवर टाकतो. मागच्या बॅनरवर मुलाचं नाव, वय, कधीकधी शाळाही असते. पालकांना विचारल्याशिवाय हे टाकणं बंद करा. मीही बंद केलं आहे.

आता सगळ्यात जड गोष्ट. आमच्या वर्तुळात एखाद्याविषयी कुजबुज होते. अमक्या पार्टीत अमक्याने मुलीला नको तसा हात लावला, आईने आरडाओरडा केला. तुम्ही काय करता? यजमानांचे अर्धे पैसे परत करता, त्या माणसाला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढता आणि 'नाव खराब नको' म्हणून विषय संपवता. पुढच्या महिन्यात तोच माणूस दुसऱ्या कंपनीच्या टेम्पोतून उतरताना मला दिसतो. मी हे एकदा पाहिलं आहे. त्या दिवशी मी तुमच्यापैकी एकाला बाजूला घेऊन सांगितलं, त्या माणसाला परत पाठवलं गेलं, आणि मी स्वतः पोलिसांकडे गेलो नाही. त्याचं ओझं माझ्यावर आहे. कायदा या बाबतीत स्वच्छ आहे. पोक्सोच्या कलम 19 नुसार असा गुन्हा झाला आहे किंवा होण्याची शक्यता आहे, हे ज्याला कळतं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. खात्री पटवणं, पुरावा शोधणं, समजूत घालणं हे तुमचं-माझं काम नव्हेच. 1098 वर फोन करायचा, पोलीस ठाण्यात जायचं आणि त्या मुलाचं नाव ग्रुपवर फिरू द्यायचं नाही.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. डिसेंबरच्या एका रविवारी तुमच्याकडे सहा-सहा पार्ट्या असतात, माणसं ऐनवेळी फिरकत नाहीत, यजमान दोन हजारांसाठी घासाघीस करतात आणि तुम्ही रात्री दोनला घरी पोचता. पण एक गोष्ट त्या गर्दीतही जमण्यासारखी आहे. प्रत्येक पार्टीच्या आदल्या दिवशी यजमानांना येणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव, फोटो आणि काम असं एक पान पाठवा. ऐनवेळी बदली आली तर त्याचंही नाव पाठवा, आणि तपासलेला माणूस नसेल तर त्या दिवशी अस्वल नको. मुलं अस्वलाशिवायही केक खातात. पालकांना मी वेगळं सांगेनच की हे पान मागा, आणि जी कंपनी देणार नाही तिला काम देऊ नका.

माझ्यापुरतं ठरलेलं सांगतो. यापुढे मी बदलीवर जाणार नाही. माझ्या जागी नाव दुसऱ्याचं असेल तर येणार नाही. आणि ज्या कार्यक्रमाच्या मॅस्कॉटचं नाव मला आधी कळणार नाही, तो कार्यक्रम मी घेणार नाही, पैसे कितीही असले तरी.

येत्या रविवारी वाकडला एका सोसायटीत माझा शो आहे. साडेपाचला मी गेटवर असेन. पेटीच्या झाकणात प्रमाणपत्र आहे, तुमच्या माणसाला ते काढून बघायला सांगा. आणि अस्वलाच्या वेशात जो मुलगा येणार आहे त्याचं नाव मला शनिवारपर्यंत कळवा. खेळ सुरू करताना माझा बाहुला त्याला सगळ्या मुलांसमोर नावाने हाक मारेल.

कळावे,

आपला,
एक बाहुलीकार
पुणे